सात नंबरचा चिमटा

जावईबापू शाळेत भूगोल शिकवायचे. वारे कुठून कुठे वाहतात हे फळ्यावर बाण काढून दाखवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण सासऱ्यांची हातभर लांबीची शिडाची होडी तळ्यात सोडून रिमोट हातात घेतला, की तो सगळा भूगोल काठावरच राहायचा. होडी वाऱ्याकडे तोंड करून अडून बसायची, शीड नुसतं फडफडायचं, आणि सासरे हळूच म्हणायचे, "जावईबापू, वाऱ्याच्या तोंडावर नका जाऊ. जरा तिरकं घ्या. घाई कशाला?" काठावरची मंडळी गालातल्या गालात हसायची. जावईबापूंचे कान लाल व्हायचे.

सासऱ्यांनी जन्मभर शिंपीकाम केलं होतं. होडीचं शीडसुद्धा त्यांनी जुन्या छत्रीच्या कापडातून स्वतः शिवलं होतं. रविवारी सकाळी तळ्यावर त्यांचा शब्द म्हणजे शब्द. शिकवायला सुरुवात केली तेव्हा होडीला हातही लावू न देता त्यांनी आधी झाडावर टांगलेली फळी दाखवली होती. फळीवर कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि प्रत्येक चिमट्यावर नंबर. इथले रिमोट सगळे जुन्या पद्धतीचे, प्रत्येकाचा नंबर ठरलेला. आपल्या नंबरचा चिमटा काढून कॉलरला लावायचा, मगच बटण दाबायचं. "एका नंबरचे दोन रिमोट चालू झाले, तर होडी बिचारी कोणाचं ऐकणार?" सासरे म्हणाले होते. "चिमटा नाही, तर बटण नाही."

जावईबापूंनी मान डोलावली होती. शिक्षक माणूस, मान डोलावणाऱ्या मुलांना किती कळलेलं असतं हे त्यांना चांगलं ठाऊक असायला हवं होतं!

लोकांच्या हसण्याचा कंटाळा येऊन त्यांनी कोणाला न सांगता एक जुनी होडी विकत आणली. गुपचूप सराव करायचा आणि एक दिवस सगळ्यांना तोंडात बोटं घालायला लावायची, असा बेत. एका रविवारी ती पिशवीत घालून तळ्यावर आणली. सासऱ्यांची होडी पाण्यात रंगात आली होती. जावईबापू सामानाच्या खोलीमागे गेले. नुसतं चालते का बघू, इतकंच. फळीकडे कोण बघतंय! बटण दाबलं, रिमोटची दांडी डावीकडे ढकलली. पिशवीतल्या होडीचं सुकाणू झटकन वळलं. "वा!" म्हणत त्यांनी दांडी आणखी दाबून धरली.

तेवढ्यात तळ्यावरून ओरडा झाला.

त्यांनी रिमोट बंद करून पिशवीत कोंबला आणि धावत आले. सासऱ्यांची होडी मध्येच गर्रकन डावीकडे वळून दगडी भिंतीवर आपटली होती. डोलकाठी बुडातून मोडली होती. सासरे मात्र होडीकडे बघतच नव्हते. ते आपल्या हातांकडे बघत होते. हिवाळ्यापासून ते हात जरा थरथरायचे. डॉक्टर म्हणाले होते, वयाचं आहे, काळजी नको.

"मी डावीकडे वळवलंच नाही," ते म्हणाले. मग रिमोट खाली ठेवला. "वळवलं असेल. हातच ऐकत नाहीत आता."

त्यांच्या कॉलरला सात नंबरचा चिमटा होता. पिशवीतल्या रिमोटवरही सातच नंबर होता. जावईबापूंनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाजूचं कोणीतरी म्हणालं, "चालायचंच, या वयात होतं असं." आणि त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. तिथल्या तिथे बोलले असते, तर चार शिव्या खाऊन विषय हसण्यावारी गेला असता.

चिमटा परत करायचं सासऱ्यांना सुचलंच नाही. तो घरी खिडकीच्या पडद्याला लटकत राहिला. तळं सुटलं. ते एकवेळ चाललं असतं. पण नुकती बसायला लागलेली नात दोन्ही हात पुढे करून त्यांच्याकडे झेपावायची, आणि ते मागे सरायचे. "नको गं बाई, माझे हात धड नाहीत. पाडीन एखाद वेळी." पोर भोकाड पसरायची. जावईबापूंची बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. आणि जावईबापू बघत बसायचे.

वर एके संध्याकाळी सासऱ्यांनी ती मोडकी होडी त्यांच्यासमोर ठेवली. "नवी काठी बसवून घ्या. आता तुम्हीच चालवा."

तेव्हा मात्र राहवेना. "बाबा, ही मी आपटवली. तुमच्या हातांनी काही केलं नाही." आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं.

सासरे ऐकत राहिले आणि चक्क हसले. "म्हाताऱ्याचं मन राखायला इतकं रचून बोललात? पोरीनं नशीब काढलं हो!"

बायकोनेही डोळ्यांत पाणी आणून त्यांच्याकडे असं पाहिलं, की लग्नानंतर तसं पाहिलं नसेल. जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता गप्प बसलं, की वर शाबासकी फुकट! क्षणभर, खोटं कशाला बोला, तो मोहही झाला.

ते उठले, गाडीतून पिशवी घेऊन आले. मोडकी होडी टेबलावर ठेवून तिचं बटण चालू केलं. "बाबा, हात मांडीवर ठेवा." मग दारापाशी जाऊन स्वतःच्या रिमोटची दांडी ढकलली.

टेबलावर होडीचं सुकाणू गर्रकन डावीकडे वळलं. पुन्हा ढकलली. पुन्हा वळलं. सासऱ्यांचे हात मांडीवरच होते.

बायकोचा चेहरा उतरत गेला. "पोर रडायची रे बाबांकडे बघून," ती म्हणाली. "आणि तू समोर बसलेला असायचास."

जावईबापू रिमोट धरून उभे राहिले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं, पण जमीन कुठली घेतेय!

सासरे उठले. "दे तिला इकडे," ते मुलीला म्हणाले. हात थरथरले, पूर्वी थरथरायचे तेवढेच. नात त्यांच्या कडेवर बसली आणि तिने पडद्याला लटकलेला सात नंबरचा चिमटा मुठीत पकडला. तिच्या मुठीतून तो सोडवून त्यांनी आपल्या कॉलरला लावला. जावयाकडे बघितलंसुद्धा नाही.

"बटण बंद करा, जावईबापू," ते म्हणाले. "चिमटा माझ्याकडे आहे."