भिंगरीच्या कानामागची झडप

मित्रांनो, मी एक जुनी झडप आहे. नावावरून दांडगी वाटेन, पण आकाराने शेंगदाण्याएवढी. सध्या मुक्काम दवाखान्याच्या संशोधनशाळेतल्या काचेच्या बरणीत.

माझे काम ऐका. प्रत्येकाच्या मेंदूत पाणी तयार होते आणि आपोआप जिरते. काही बाळांचे मात्र जिरत नाही. ते साचते, मेंदूवर दाब येतो, डोके मोठे होत जाते. मग मेंदूचे सर्जन एक बारीक नळी बसवतात. जास्तीचे पाणी ती कातडीखालून पोटात नेऊन सोडते, आणि वाटेवर पहारा माझा. दाब वाढला की उघडायचे, उतरला की मिटायचे. कारखान्यात माझी इतकी कसून परीक्षा झाली, की पास झाले तेव्हा मलाच नवल वाटले.

मला एका तान्ह्या मुलीच्या कानामागे बसवले. नळीचे वेटोळे पोटात मुद्दाम जास्तीचे सोडले, म्हणजे मुलगी वाढेल तशी नळी पुरेल. आणि ती वाढली! रांगली, चालली, पळत सुटली. बाबा तिला भिंगरी म्हणत. तिची गाणी, भांडणे, रुसवे सारे मी ऐकले. फक्त चेहरा कधी पाहिला नाही. आत राहणारीला चेहरा कसा दिसणार? पण ती खदखदून हसली की वाटायचे, एकदा, फक्त एकदा हिला समोरून बघायला मिळावे.

सुरुवातीला ती शिंकली तरी घरचे दवाखाना गाठत. मी मात्र इतकी मुकाट्याने राबले की हळूहळू ते मला विसरलेच. ती माझी शाबासकीच होती, पण तीच अंगाशी आली. माझ्यात पेशींचा गाळ साचत गेला आणि वाट बुजली. एके दिवशी भिंगरी उठली ती डोके धरूनच.

"शाळा बुडवायची सोंगं ही!" आजी म्हणाली.

"असू दे गं आई, झोपू दे तिला थोडं," बाबा म्हणाले.

मी आत जीव तोडून धडपडत होते, पण वाट सुटेना. दुसऱ्या दिवशी तिला उलट्या झाल्या, डोळे मिटू लागले, तेव्हा भिंगरीची आई किंचाळली, "अहो, तिची झडप! उचला हिला आधी!"

ते वेळेवर पोहोचले. मला काढून नवी बसवली. भिंगरी वाचली आणि मी इथे आले.

इथल्या संशोधक बाई तुंबलेल्या झडपा चिरून गाळ नेमका कुठून शिरला ते शोधतात, म्हणजे पुढच्या झडपा तुंबू नयेत. माझी पाळी आली. चिरण्याचे दुःख नव्हते, पण तिला न बघताच जायचे म्हणून जीव कासावीस झाला.

आणि काय सांगू! तपासणीला आलेल्या भिंगरीला बाई आत घेऊन आल्या.

"ही तुझी झडप. चिरू का हिला? म्हटलं, आधी तुला विचारावं."

तिने बरणीला नाक टेकवले. पुढचा एक दात पडलेला, हनुवटीवर खरचटलेले, डोळे टपोरे.

"हिला दुखेल?"

"नाही गं."

"मग चिरा. पण हळू हां."

माझ्या मनातल्या चेहऱ्यासारखी ती मुळीच नव्हती. त्याहून कितीतरी गोड होती.

मित्रांनो, बाईंनी आता दिवा जवळ ओढला आहे. जाता जाता एवढेच मागते. कानामागे झडप असलेले मूल डोके दुखते म्हणाले, तर त्याला सोंग म्हणू नका. आम्हाला तोंड नसते. आमच्या वतीने तेच बोलत असते.