करिष्माच्या गोष्टीवर बजरंगचं नाव

आप्पाराव गुरुजींच्या ओसरीवर करिष्माने पाकीट फोडलं, त्रैमासिकाचा अंक उघडला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. गोष्ट तिचीच होती, शब्दन् शब्द तिचा. वर नाव मात्र ठळक छापलेलं: बजरंग शहादेव तांदळे.

बजरंग म्हणजे तिचा नवरा. माणूस कष्टाळू, पण अक्षरांशी त्याचं सख्य सातवीतच तुटलेलं.

"गुरुजी, चोरली की हो माझी गोष्ट!" ती किंचाळलीच.

गुरुजींनाही घाम फुटला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते तिच्या मागे लागले होते. भेटेल तेव्हा नवा डोस. जे भोगलंस तेच लिही, पुस्तकी बोलू नको. कागदाच्या एकाच अंगाला लिही. एक प्रत घरी ठेव. मासिक आधी वाच, मग त्याला गोष्ट पाठव. परत आली तर रडत बसू नको, दुसरीकडं धाड. तिची गोष्ट तीन ठिकाणांहून परत आली होती आणि तिन्ही वेळा गुरुजींनी तिला नवं पाकीट आणून दिलं होतं. ऊसतोडीच्या फडावरच्या कोपीत, चुलीच्या उजेडात लिहिलेली बारा पानं चौथ्या खेपेला अंबाजोगाईच्या त्रैमासिकाने घेतली. आणि हे असं!

गुरुजींनी तावातावाने फोन लावला. संपादकबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी तिच्याच पहिल्या पानाचा फोटो पाठवला.

करिष्मा बघतच राहिली. तेच गोल अक्षर, तीच निळी शाई. 'नाव: बजरंग शहादेव तांदळे. एक कोयता.'

"आगं बाई," गुरुजींनी कपाळावर हात मारला, "ही काय मुकादमाची यादी हाय?"

तसंच झालं होतं. ती दहावी पास, म्हणून टोळीची यादी दर दसऱ्याला तीच लिहायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि तो नवऱ्याच्या नावावर. बाईचं नाव लिहायला रकानाच नाही. स्वतःच्या हाताने ती हे सात वर्षं लिहीत आली होती आणि तिला कधी खटकलंही नव्हतं. हात सवयीने चालला, डोकं मागेच राहिलं. दुसऱ्या कुणाला शिव्या घालता आल्या असत्या तरी जीव हलका झाला असता. इथे चोरही तीच आणि घर फुटलं तेही तिचंच.

"पुढल्या अंकात दुरुस्ती छापतो म्हणल्या," गुरुजी म्हणाले. "तीन महिने थांब. आन् दुसरी गोष्ट लिहायला घे."

ती थांबली असती, पण गाव थांबतंय होय? वाचनालयातला अंक माजी सरपंच विजयसिंहांच्या हाती पडला आणि दुसऱ्याच दिवशी घाटनांदूरच्या रस्त्याला फ्लेक्स लागला. 'गावचे सुपुत्र, थोर साहित्यिक बजरंगभाऊ!' बजरंगचा फोटो तळहाताएवढा, विजयसिंहांचा दरवाजाएवढा.

घरी बजरंग नवा सदरा झटकत होता.

"आवो, सांगा की त्यांला खरं काय ते."

"कावून सांगू? कोयता एकच हाय ना आपला? माझं काय न तुझं काय." त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं, आणि तिला चीड आली ती त्याचीच. "लई मानानं सत्काराला बोलावलंय त्यांनी."

"वाचली तरी का गोष्ट?"

"वाचीन की."

नाव तर तिला हवंच होतं, जीव तुटत होता नावासाठी. पण त्या गोष्टीत एक गोष्ट अशी होती की ती तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. त्याने ती वाचूच नये, असंही तिला वाटत होतं.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर शाल झाली, नारळ झाला. विजयसिंह तासभर बोलले आणि मग म्हणाले, "बजरंगराव, एखादं पान वाचून दाखवा."

करिष्मा खाली बायकांत बसली होती. बजरंगने मधलंच पान उघडलं. ओळीखाली बोट ठेवून, अडखळत तो वाचू लागला.

"नवरा म्हणाला, ऊठ, गाडी भरायची हाय. तिनं मोळी डोक्यावर घेतली. गाडीची फळी चढताना तिच्या पायावरून रगताची ऊन धार आली. खाली उतरून तिनं लुगडं धुतलं आन् दुसरी मोळी उचलली. पोटात तीन महिन्यांचं होतं. नवऱ्याला तिनं सांगितलं, पाळी आली. तो म्हणाला, बरं झालं..."

बोट तिथेच थांबलं. लोकांना वाटलं, अक्षर लागेना. विजयसिंहांनी टाळी वाजवली, चार जणांनी साथ दिली.

"बरं झालं, कामाला अडचन न्हाई," बजरंगने वाक्य पुरं केलं. कागदाकडे न बघता.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. करिष्माला वाटलं, आता हा कोसळतोय.

"हे मी बोललो होतो," तो माईकमध्येच म्हणाला. "गेल्या साली. भाळवणीच्या फडात." मग विजयसिंहांकडे वळून, "गोष्ट माझी न्हाई, मालक. हिची हाय."

बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी करिष्माचा हात घट्ट धरला होता, कोण ते तिने पाहिलंही नाही.

शाल खांद्यावरून घसरली तरी बजरंगचं लक्ष नव्हतं. माणसांतून वाट काढत तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला. माईक हातात तसाच होता.

"मला सांगितलं कावून न्हाईस?"

साऱ्या गावाने ते ऐकलं. करिष्माने त्याच्याकडे पाहिलं. सात वर्षांत त्याने तिला असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज फुटला तो खणखणीत.

"ते पुढल्या पानावर लिवलंय," ती म्हणाली. "द्या इकडं. मी वाचते."