तिसरी ओळ

"चरबीसुद्धा पिवळी आहे," डॉक्टर म्हणाले. "ट्रे जरा पुढे घ्या, बाई."

कंपाउंडरबाईंनी ट्रे पुढे केला. दवाखान्यामागच्या सिमेंटच्या ओट्यावर मेंढी उघडी पडली होती. सकाळी आणली तेव्हा ती जिवंत होती. फाटकातून आत येता येता तिने मान टाकली. तीन दिवसांतली ही चौथी. ओट्यापासून चार पावलांवर मेंढ्यांची मालकीण उभी होती, साठी उलटलेली, उन्हाने रापलेली बाई. तिच्या मागे तिची सून, मेंढीची रिकामी दोरी हाताला गुंडाळत.

"सगळं हिच्यामुळे झालं," सासू सांगत होती. "लोकर कापली त्या दिवशी या बयेने मेंढ्यांना भर उन्हात लांबच्या वाटेने नेलं. का, तर म्हणे जवळच्या वाटेवर कुत्री असतात. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी पहिली आडवी झाली."

दोरी गुंडाळून संपली तशी सुनेने ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

"लघवी कशी होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोऱ्या चहासारखी," सुनेने उत्तर दिलं.

"मग गोचिडांचा ताप असेल. रक्त बघू काचेवर."

बाईंनी मूत्रपिंड नळाखाली धरलं. रक्त धुऊन गेल्यावर ते तपकिरी-लाल दिसायला हवं होतं. ते निळसर काळं होतं आणि त्यावर धातूसारखी झाक होती. असा रंग त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, शिकत असताना, पुस्तकातल्या एका रंगीत पानावर.

"डॉक्टर, हे बघा."

डॉक्टर तरुण होते. त्यांना इथे येऊन दीड वर्ष झालं होतं. पण ते पान त्यांनीही पाहिलं असावं.

"तांबं," ते म्हणाले.

"तांबं कुठून आलं?" सासू म्हणाली. "माझ्या घरात तांब्याचं भांडंसुद्धा नाही."

"मावशी, मेंढ्यांना खायला काय घालता?"

"काय घालणार? चारा, झाडपाला. आणि तुमची पुडी."

डॉक्टरांचा चाकू थांबला. "पुडी शेळ्यांची होती."

"सगळ्यांनाच टाकली. हिवाळ्यात शेळ्यांची काय दशा झाली होती ते तुम्हीच बघितलंत. पुडीने महिन्याभरात अंग कसं चकाकायला लागलं. मग मेंढ्यांनी काय घोडं मारलंय? एका गोठ्यात एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला तोंड बघत ठेवायचं, मला नाही जमत."

हिवाळ्यात या मावशींच्या सात शेळ्यांमध्ये तांब्याची कमतरता निघाली होती. काळ्या शेळ्यांचे केस तांबूस पडले होते, दोन करडं जन्मतःच मागचे पाय ओढत चालत होती. डॉक्टरांनी खनिजांची भुकटी लिहून दिली आणि कंपाउंडरबाईंनी पुड्या बांधल्या. ज्या तांब्यावाचून शेळी खंगते, तेच मेंढीच्या यकृतात साठत जातं. मेंढी महिनोन् महिने खाऊनपिऊन धडधाकट दिसते. मग एखाद्या दिवशी शरीरावर ताण येतो आणि साठलेलं सगळं एकदम रक्तात उतरतं. डॉक्टरांनी हे सोप्या शब्दांत सांगितलं.

"म्हणजे ताण हिनेच दिला ना?" सासू म्हणाली.

"त्या दिवशी झालं नसतं तर महिन्याने झालं असतं. पुडी द्यायलाच नको होती." डॉक्टर बाईंकडे वळले. "मेंढ्यांना द्यायची नाही म्हणून सांगितलं होतं ना, बाई?"

"मी लिहिते नेहमी," बाई म्हणाल्या.

हे खरं होतं. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"बाई लिहिणार नाहीत असं होईल का?" सासू सुनेकडे फिरली. "पुड्या तू आणल्यास, तूच वाचून दाखवलंस. निम्मं वाचलंस आणि निम्मं गिळलंस. उन्हाचं एक वेळ जाऊ दे, पण डोळे होते ना तुला?"

सुनेने एकदा बाईंकडे पाहिलं, मग दोरीकडे.

बाईंना सगळे पुडीवाल्या बाई म्हणत. सत्तावीस वर्षं त्या दवाखान्यात औषधं देत होत्या आणि त्यांच्या हातची पुडी कधी सुटली नव्हती. पाच घड्या, शेवटची घडी पहिलीच्या आत खोचलेली. पुडीवर तीन ओळी असत. पहिली औषधाची, दुसरी किती आणि केव्हा द्यायचं याची, आणि तिसरी, लाल शाईने, कुणाला द्यायचं नाही याची. औषध कुणाला द्यायचं ते सगळेच लिहितात, तुम्ही कुणाला नको ते लिहा, असं त्यांच्या शिक्षिकेने सांगितलं होतं. लोक त्यांच्या पुडीवर इतका विश्वास ठेवत की घरची गोळी घेतानाही काही जण विचारायला येत. "मी जनावरांची आहे," असं त्या सांगत. "आमच्या ह्यांना चालेल मग," असं एकीने एकदा उत्तर दिलं होतं.

दुपारी डॉक्टर एका अडलेल्या गाईकडे गेले. साठलेलं तांबं शरीराबाहेर काढायला दोन क्षार पाण्यातून पाजायचे असतात. ते मोठ्या दवाखान्यातून यायला संध्याकाळचे पाच वाजले. ते घेऊन बाई स्कूटरवरून सासू-सुनेच्या घरी गेल्या.

पंधरा मेंढ्या उरल्या होत्या. बाईंनी एकेकीची खालची पापणी ओढून पाहिली. दोन मेंढ्यांच्या पापण्या पिवळ्या होत्या. त्यांची आशा नव्हती. सून मेंढी धरत होती, बाई नळीने औषध पाजत होत्या. सून चांगली धरत होती, जबडा न दाबता, मान वर न ताणता. सासू दारात बसून पाहत होती.

"पुड्या उरल्या आहेत का?" बाईंनी विचारलं.

"एक. बाकीचे कागद आहेत."

"रिकामे कागद ठेवलेस?"

"चांगला कागद असतो तुमचा. मी बिया ठेवते त्यात."

सुनेने आतून पत्र्याचा डबा आणला. त्यात कागद एकावर एक सपाट करून ठेवलेले होते. काहींच्या पुन्हा पुड्या बांधल्या होत्या. पाच घड्या, शेवटची पहिलीत खोचलेली. बाईंनी एक पुडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. आपली नाही, हे त्यांना फक्त एका कोपऱ्यावरून कळलं.

मग त्यांनी खनिजाचे कागद वेगळे काढले. बारा रिकामे, एक भरलेली पुडी. तेरा आठवड्यांच्या तेरा पुड्या. प्रत्येकीवर दोन ओळी होत्या. निळ्या.

त्यांना तो दिवस आठवला. लसीकरण होतं, आवारात माणसं आणि जनावरं मावत नव्हती. यादीवर खुणा करायला कुणीतरी लाल पेन मागून नेलं. तिसरी ओळ मागाहून लिहू म्हणून त्यांनी तेरा पुड्या बाजूला ठेवल्या. ही मुलगी खिडकीशी आली, तिला लांब जायचं होतं, आणि त्यांनी त्या तशाच उचलून दिल्या. भुकटीच्या मूळ पोत्यावर मेंढ्यांना देऊ नये असं छापलेलं होतं. ते पोतं दवाखान्याच्या कोठारात होतं.

"तू हे बघितलं होतंस?"

"कालच बघितलं," सून हळू आवाजात म्हणाली. "सगळे लावून बघितले."

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"तुमच्यापुढे माझं कोण ऐकणार, बाई?"

बाईंनी हात धुतले. टॉवेल मागितला नाही, पदराला पुसले. मग दारात जाऊन सासूजवळ बसल्या.

"मावशी, पुडीवर मी लिहिलंच नव्हतं. तिने होतं तेवढं वाचलं. चूक माझी आहे."

सासूने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा मऊ झाला. "तुम्ही मोठ्या मनाच्या आहात. पण तिला असं पाठीशी घालू नका. एकदा धडा मिळू दे."

"मी पाठीशी घालत नाहीये."

"मला कळतं हो, बाई."

सून आत भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

बाई उठल्या. मग आत जाऊन डब्यातली ती बियांची पुडी आणली. वालाच्या बिया होत्या. त्यांनी त्या सुनेच्या ओंजळीत ओतल्या आणि कागद उलगडला. दोन वर्षांपूर्वीचं जंताचं औषध. निळ्या दोन ओळी, आणि खाली लाल: गाभण शेळीला नको. त्यांनी तो कागद जमिनीवर ठेवला आणि शेजारी खनिजाचे कागद एकापुढे एक मांडले.

"मावशी, तुम्हाला वाचता येत नाही. रंग दिसतो ना?"

"दिसतो की."

"या कागदावर लाल आहे. इकडे शोधा."

सासूने पहिला कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, उलटा केला. मागे काही नव्हतं. तिने दुसरा उचलला. तिसरा. घाई केली नाही. बाराही कागद तिने दोन्ही बाजूंनी पाहिले, शेवटी भरलेली पुडीही हातात फिरवून पाहिली. मग ती लाल ओळीवर बोट ठेवून बसली.

"इथे काय लिहिलंय?" तिने विचारलं. बाईंना नाही, सुनेला.

"गाभण शेळीला नको."

"आणि मेलेल्या चौघींसाठी हिने काय लिहायला हवं होतं?"

सासू बाईंना कधी "हिने" म्हणाली नव्हती.

"मेंढ्यांना नको, असं," बाई म्हणाल्या.

सासूने मान हलवली. ती उठली, कोपऱ्यातली बादली घेतली आणि मेंढ्यांना पाणी ठेवायला गेली. सून बादली घ्यायला पुढे झाली तर म्हणाली, "राहू दे. सकाळपासून उभी आहेस."

बाई घरी पोचल्या तेव्हा नवरा भाजी निवडत होता. त्यांनी सगळं सांगितलं.

"सत्तावीस वर्षांत एकदा," तो म्हणाला.

"मला कळलेली एकदा," बाई म्हणाल्या आणि त्याच्यासमोरची निम्मी भाजी आपल्याकडे ओढली.

त्या दोन पिवळ्या मेंढ्या गेल्या. तेरा वाचल्या. नवव्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला. यकृतात तांबं जितकं असायला हवं त्याच्या सातपट होतं. डॉक्टर म्हणाले, "नोंदीत विषबाधा एवढंच लिहिलं तरी चालेल, बाई. कारण कुणी विचारत नाही." बाईंनी कारणाच्या रकान्यात लिहिलं: पुडीवर सूचना नव्हती. खाली सही केली. डॉक्टरांनी ते वाचलं आणि रजिस्टर मिटून ठेवलं.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर जंताचं औषध न्यायला रांग लागली, त्यात सासू-सून होत्या. बाईंनी त्यांच्या पुड्या बांधल्या, तीन ओळी लिहिल्या, तिसरी लाल, आणि खिडकीतून पुढे केल्या.

सासूने पुडी लगेच पिशवीत टाकली नाही. उजेडाकडे धरून पाहिली, लाल आहे याची खात्री केली, मग सुनेच्या हातात दिली.

"वाच."

सुनेने वाचलं. सावकाश, तिन्ही ओळी, मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. मग दुसरी पुडी. मग तिसरी. औषध घेऊन बाजूला उभ्या असलेल्या माणसाने मघाशी खिशात घातलेली आपली पुडी बाहेर काढली आणि उलटून पाहिली.

बाई लाल पेनाचं टोपण हातात धरून थांबल्या होत्या. वाचून पूर्ण झालं तसं त्यांनी ते पेनाला लावलं आणि म्हणाल्या, "पुढचे."