बाहेरची खाच

माडीवरच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात अतुलनं दोन्ही वायरी टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यांच्यामध्ये तो छोटा लॅपटॉप सरकवला. एका वायरीच्या टोकाला खेळातल्या पत्त्याएवढी चपटी पट्टी होती, ती लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत जाणारी. दुसरीचं टोक अंगठ्याच्या नखाएवढं. त्यासाठी तळाचं झाकण खोलून आतलं वायरलेसचं कार्ड काढावं लागणार होतं. दोन हजार नऊ साली कोल्हापुरात असली वायर कुणी पाहिली नव्हती. अतुलनं ती परदेशातून मागवली, तर पाकिटातून या दोघी निघाल्या. कुठलीही घेतली तरी जाऊन मिळणार होती चित्रांचं जड काम ओढणाऱ्या एकाच ग्राफिक्स कार्डाला. बंद पडलेल्या एका गेम पार्लरमधून आणलेलं ते कार्ड पंख्यासकट टेबलावर उघडं पडलं होतं.

बाहेरच्या खाचेत, लॅपटॉप घेऊन आलेल्या विद्याश्रीचा निव्वळ फायदा होता. एकही स्क्रू हलणार नव्हता. काम झालं की वायर ओढायची, लॅपटॉप मिटायचा, पिशवीत टाकायचा. पुण्याच्या एका ॲनिमेशन स्टुडिओनं तिला सोमवारी कामावर बोलावलं होतं. मशीन ज्याचं त्यानं आणायचं आणि स्टुडिओचं सॉफ्टवेअर त्यावर चाललं पाहिजे, ही अट. लॅपटॉपच्या अंगच्या बळावर ते उघडतसुद्धा नव्हतं. आतून जोडलं तर चाललं असतं, पण मग तळ कायमचा उघडा आणि मशीन टेबलाला खिळलेलं. थोडक्यात, बाहेरून म्हणजे पुणं आणि आतून म्हणजे कोल्हापूर.

"आतनंच घे," तिचे वडील भीमाप्पा म्हणाले.

अतुलनं मान वर केली. महाद्वार रोडला पूजेच्या साहित्याचं दुकान चालवणारा हा माणूस. कापराची वडी फुटली तर चुरासुद्धा वाया जाऊ न देणारा. समोरच्या स्टुलावर बसून तो एका जुन्या बिलाची उगीच पुडी बांधत होता. दोरा न लावता पुडी बांधायची त्यांची रीत होती: शेवटी कागदाचा कान मुडपून आत खोवायचा. भीमाप्पा डावखुरे, त्यामुळं त्यांच्या पुडीचा कान उलट्या बाजूला जाई, आणि घरी गेल्यावर ती सोडताना गिऱ्हाइकं हमखास फसत.

"काका, आतनं घ्यायचं तर मशीन खोलायला लागंल."

"मग खोल की. कशाला शिकलाईस?"

"वायफाय जाईल."

"जाऊ दे."

"आप्पा, पण बाहेर एवढी खाच असताना..." विद्याश्री म्हणाली.

"बाहेर वायर लोंबती. कुणाचाबी पाय लागंल, मशीन खाली."

"आतनं घेतली तरी वायर बाहेरच यायची की काका," अतुल म्हणाला. "आत राहून ती काय संसार करणार हाय व्हय?"

भीमाप्पा हसले नाहीत. कान खोवून त्यांनी ती रिकामी पुडी टेबलावर ठेवली.

लॅपटॉप राजशेखरचा होता. विद्याश्रीचा थोरला भाऊ. बिल्डरांना न बांधलेल्या घरांची चित्रं करून द्यायचा. जाईल तिथं लॅपटॉप पाठीवर. गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याला एक जागा मोजायला मोटरसायकलवरून गेला, पाऊस फार म्हणून लॅपटॉप तेवढा घरी ठेवून. लॅपटॉप राहिला. तेव्हापासून भीमाप्पा तो रोज सकाळी फडक्यानं पुसत आणि परत कपाटात ठेवत. विद्याश्रीच्या हाती तो आला, तोही आई मध्ये पडली म्हणून. अशा माणसानं 'खोल की' म्हणावं, हे तिच्या हिशेबात बसेना. जुळवून जुळवून एकच उत्तर येत होतं: एक गेला, आता दुसरीला घराबाहेर सोडायचं नाही. राग यावा असंच ते उत्तर होतं, आणि बोलून दाखवता येऊ नये असंही.

"खोलताना मला बघवायचं न्हाय," भीमाप्पा उठले. "च्या पिऊन येतो. तवर उरका."

जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला. विद्याश्रीनं चपटी वायर उचलून अतुलच्या हातात दिली.

"बाहेरून लाव."

"आणि काका आल्यावर?"

"चालू झालेलं बंद करायला नाही सांगायचे. व्यापारी आहेत."

अतुलनं पट्टी खाचेला लावली. तोंडावरची झडप आत कलली, पट्टी अर्धी गेली आणि अडली. त्यानं ती काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. तेवढीच.

"आत काय तरी हाय, ताई."

त्यानं टॉर्च धरला आणि चिमटा घातला. चिमट्यात कागदाचं टोक आलं. हळूहळू ओढल्यावर एक पुडी बाहेर आली, दाबून दाबून पापडासारखी चपटी केलेली. निघता निघता तिची कड फाटली आणि टेबलावर करडी पूड सांडली.

"राख? मशीनमधी कुणी राख भरली?"

"विभूती आहे," विद्याश्री म्हणाली.

पुडीचा कान उलट्या बाजूला होता.

राजशेखर बाहेर निघाला की आप्पा त्याच्या खिशात विभूतीची पुडी सरकवायचे. तो दारापर्यंत जायचा आणि ती काढून टीव्हीवर ठेवायचा. "आप्पा, शर्टाला राख लागती." पुढं पुढं आप्पांनी पुडी द्यायचं सोडलं. पोरगं ऐकत नाही म्हणून थकले, असं घरात सगळे समजले होते. पण गिऱ्हाईक एका दारानं परत गेलं तर त्याला दुसऱ्या दारानं आणणारा हा माणूस. मुलगा जी वस्तू कधीच मागं ठेवत नाही, ती त्यांनी हेरली होती.

एकदाच ठेवली त्यानं मागं.

अतुलनं चिमटा खाली ठेवला. "परत आत घालू? आतनंच जोडू मग. मी काय बोलणार न्हाय."

टेबलावरची पूड विद्याश्रीनं बोटानं गोळा केली. वडिलांनी मघाशी बांधलेली रिकामी पुडी उलगडली, त्यात ती सगळी भरली आणि बांधायला घेतली. कान उजवीकडं गेला आणि सुटला. पुन्हा खोवला, पुन्हा सुटला.

"खाच पुसून घे," ती म्हणाली. "आणि बाहेरून लाव."

या खेपेला पट्टी शेवटपर्यंत गेली. कार्डाचा पंखा एकदा थरथरला आणि फिरू लागला.

भीमाप्पा दारात आले ते त्या आवाजानंच थांबले. त्यांनी वायर पाहिली. वायर गेली होती ती खाच पाहिली. मग मुलीच्या हातातली अर्धवट मिटलेली पुडी, आणि तिच्या बोटांना लागलेली विभूती. ते पुढं आले आणि डावा हात पसरला.

"आण. असली बांधत्यात व्हय?"

उभ्या उभ्याच त्यांनी पुडी नीट केली, कडा नखानं दाबल्या, कान खोवला. विद्याश्रीनं कुडत्याचा खिसा दोन बोटांनी उघडून धरला. त्यांचा हात वाटेतच राहिला.

"राख लागती कापडाला."

"लागू दे."

त्यांनी पुडी आत सरकवली आणि खिशावरून एकदा हात फिरवला. मग लॅपटॉपकडं पाठ करून, जिन्याकडं तोंड करून उभे राहिले.

अतुलनं घसा खाकरला. "बिल कुणाच्या नावानं करू? ताईंच्या?"

"माझ्या नावानं कर," भीमाप्पा म्हणाले. "तिच्याकडं काय निघत न्हाय."