ताईने आधी भरलेली घरपट्टी

मी वसुली खात्यात कारकून. अठरा वर्षं झाली, पण यंदाइतकं डोकं कधी गरगरलं नव्हतं.

वरून फर्मान आलं की प्रांताने आता स्वतःच्या पायावर उभं राहावं, ऊठसूट केंद्रापुढे हात पसरू नयेत. म्हटलं, बरोबरच आहे. पण आमच्याकडे घरपट्टी पहिल्यांदा जो भरेल तो वेडा, अशी जुनी रीत. म्हणून मी थोरल्या बहिणीला गळ घातली. "ताई, तू आधी भर. तुझं बघून गल्ली भरेल."

ताई कोपऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात नर्स. गल्लीतल्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी सुई टोचलेली, त्यामुळे तिला नाही म्हणायची कोणाची टाप नाही. तिने भरली, पावती दवाखान्याच्या दारावर चिकटवली, आणि महिन्याभरात झाडून सगळी गल्ली माझ्या खिडकीशी. मला प्रशस्तिपत्र मिळालं. खोटं कशाला बोलू, मी ते काचेत बसवून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात केंद्राचं पत्र. तुमची कमाई वाढली, सबब अनुदान तेवढंच कमी. ताईचा पगार नेमका त्या अनुदानातला. दवाखाना महिनाअखेर बंद.

मी तरातरा साहेबांकडे गेलो. "साहेब, तिकडून जेवढे कमी झाले तेवढे इकडून आलेत ना?"

"आलेत की."

"मग त्यातून नर्सचा पगार द्या."

"कसा देणार? आपल्या पैशात नर्सच्या पगाराचं खातंच नाही. आजवर कधी लागलंच नाही." पुढच्या अर्थसंकल्पात बघू म्हणाले आणि चहा मागवला.

पैसे आहेत, नर्स आहे, आजारी तर पैशाला पासरी. मग अडलं कुठे? मला अजून समजलेलं नाही. संताप आला, पण तोही नक्की कोणावर ते कळेना.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. ताई दारावरची पावती नखाने खरवडत होती. पक्की चिकटवलेली, निघता निघेना.

"म्हणजे आम्ही भरली म्हणून बंद होतोय?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मीही पावतीचं दुसरं टोक खरवडायला लागलो.

"पुढच्या वर्षीची नोटीस तूच आणणार ना?" ताई म्हणाली. "तेव्हा गल्ली मला विचारेल, भरायची का. काय सांगू, तेवढं लिहून दे."

तिने खिशातलं पेन पुढे केलं. मी ते घेतलं आणि टोपण काढून तसाच उभा राहिलो.