पिपावरचे सोळा नारळ

भाईशेटच्या लॉरीला फोंडा घाटात दम लागायचा. एकसष्ट सालची गोष्ट. तिसऱ्या वळणावर ती थांबायची आणि आंबे पाठवणारेच उतरून तिला ढकलायचे. भाडं अर्थात तेच भरायचे.

शिवा मुंबईच्या गॅरेजातून रजेवर आला होता. त्याने लॉरीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तसलंच दुसरं मिळवून त्यातली हवा जायची वाट पंधरा दिवस कानशीने घासली, रुंद केली. भाईशेटने शब्द दिला, हे हेड सरस ठरलं तर तिन्ही लॉऱ्यांचं काम तुझं. म्हणजे मुंबई सुटणार. बायकोला, जानकीला, सातवा महिना होता.

सरस कसं ठरवायचं? शिवाने पाण्याच्या टाकीत लोखंडी पीप पालथं घातलं. पीप आपल्या वजनाने खाली बसे आणि आत कोंडलेली हवा नळातून हेडात ढकली. वाट जितकी मोकळी, तितकं पीप लवकर बसणार. सेकंदकाट्याचं घड्याळ गावात एकट्या माझ्याकडे, पोस्टमास्तराकडे. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी वेळ मोजला. जुनं साडेतेरा सेकंद, नवं बारा.

दुसऱ्या दिवशी सगळे आंबेवाले जमले. गावचे मानकरी लवूकाका, त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या कामात यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

प्रत्येकाने आपला नारळ पिपावर ठेवला. सोळा नारळ. एक माझा. त्या भारासकट जुन्या हेडाची पाळी झाली. पीप भसकन बसलं. अकरा सेकंद.

मग नारळ उतरवले, फोडले, वाटले. रिकाम्या पिपावर नवं हेड. बारा.

"शिवा," भाईशेट म्हणाला, "तुझ्याच पिपान सांगल्यान. जुनांच बरां."

"शेटनू, नारळांचो भार होतो. जुनां परत लावया, नारळाशिवाय."

"म्हणजे देवाक बाजूक करून परीक्षा?" लवूकाकांनी विचारलं.

"मगे नव्यार तेवढेच धोंडे ठेवा!"

"नारळाच्या जाग्यार धोंडे! मुंबयत ह्या शिकवल्यानी तुका?"

सगळे हसले. शिवाने माझ्याकडे पाहिलं.

"मास्तरानू, तुमी सांगा."

"मास्तरानू, घड्याळ काय म्हणता?" भाईशेटने विचारलं.

"अकरा आणि बारा," मी म्हणालो. एक अक्षरही खोटं नव्हतं. पुढचं सांगायला तोंड मोकळं नव्हतं, तोंडात खोबरं होतं. शिवाय माझी पन्नास कलमं होती आणि आंबे भाईशेटच्याच लॉरीने जायचे.

सोमवारी शिवा मुंबईला परत गेला. लॉरी पुन्हा तिसऱ्या वळणावर थांबली. "शिवान हात लायल्यान, तेवापासून बिघडली," भाईशेट म्हणाला. आम्ही ढकलताना मान डोलावली.

महिन्याने शिवाचं पत्र आलं. जानकीला वाचता येत नव्हतं. पोटावर हात ठेवून ती खिडकीशी उभी राहिली आणि मी वाचलं. तब्येत बरी आहे, जपून राहा, बाळंतपणाला रजा मिळणार नाही. शेवटची ओळ होती : 'मास्तरांना विचार, आदल्या दिवशीचा वेळ त्यांनी का सांगितला नाही.'

"आणि काय लिवल्यान हा?" तिने विचारलं.

"काय नाय गो," मी पत्राची घडी घातली. "सगळ्यांका नमस्कार सांगल्यान हा."