नियम चौथा: दुकानाचं नाव लिहू नये

समाजात राहायचं तर माणसाने सत्य निर्भयपणे बोललं पाहिजे, यावर माझी अढळ श्रद्धा आहे. म्हणूनच आमच्या लार्क हिल गावाच्या ऑनलाइन गटात सत्य बोलण्यासाठी मी अकरा नियम करून ठेवले आहेत.

हा गट मी चालवतो. दिवसा मी नगरपालिकेच्या कचेरीत कुत्र्यांचे परवाने देतो आणि उरलेल्या वेळात, अकराशे चाळीस माणसांच्या गावातली नऊशे माणसं आवरतो. बाकीच्यांत काही तान्ही आहेत आणि काहींना मी काढून टाकलंय.

नियम चौथा असा: 'गावातल्या दुकानाबद्दलचा वाईट अनुभव जरूर लिहा, पण दुकानाचं नाव लिहू नका.' त्याला कारण घडलं होतं. मागच्या हिवाळ्यात एकाने गावातल्या एकुलत्या एका प्लंबरचं नाव घेऊन लिहिलं, की याने दुरुस्त केलेला नळ आधीपेक्षा जास्त गळतो. प्लंबर लिहिणाऱ्याच्या गल्लीत मे महिन्यापर्यंत फिरकला नाही. उणे तीस तापमानात सात कुटुंबांनी मतस्वातंत्र्य भोगलं. मत एकाचंच होतं.

तर ऑक्टोबरातल्या एका सोमवारी मर्टल फेडोरुकने गटात लिहिलं. मर्टल ग्रंथालयातून निवृत्त झालेली बाई. अकराही नियम वाचलेली गटातली ती एकटीच. मी ते लिहिलेत, वाचलेले नाहीत.

'शनिवारी गावात कोबीचे रोल विकत घेतले. एकात केस निघाला. चौथ्या नियमानुसार नाव लिहीत नाही. अशा नियमाबद्दल लाइलचे आभार.'

लाइल म्हणजे मी. मला बरं वाटलं. साधारण वीस मिनिटं.

कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळलेले हे रोल आमच्याकडे लग्नाला, मयताला आणि हॉकीच्या सामन्याला सारख्याच भक्तिभावाने खातात. गावात ते तीन जण विकतात: वर्ना डचॅक तिच्या कॅफेत, ओरेस्ट लायसॅक त्याच्या मटणाच्या दुकानात, आणि पेट्रोल पंपावरच्या काउंटरवर लॉरेटा. एकाचं नाव घेतलं असतं तर एक जण बदनाम झाला असता. माझ्या नियमाने तिघांनाही समान न्याय दिला.

दुपारपर्यंत गटात एकसष्ट प्रतिक्रिया आल्या. 'नाव नको सांगूस मर्टल, रस्त्याच्या कुठल्या बाजूला ते सांग.' 'त्या दुकानात बसायला जागा आहे का, एवढंच सांग.' मी हे सगळं पुसत होतो. मग कुणीतरी विचारलं, 'केस कोणत्या रंगाचा होता?'

'लाइल, हे नियमात बसतं का?' मर्टलने लिहिलं.

मी विचार केला. रंग म्हणजे काही नाव नव्हे. परवानगी दिली.

'पांढरा,' मर्टलने लिहिलं.

त्या क्षणापासून लार्क हिलमध्ये कुणी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलेना. सगळे चार बोटं वर बघायचे.

ओरेस्टच्या डोक्यावर एकही केस नाही. मंगळवारी सकाळी त्याने दुकानाबाहेर पाटी लावली: 'आमचे रोल. १९९४ पासून केसविरहित.' आणि बोचऱ्या वाऱ्यात टोपी न घालता तो पाटीखाली उभा राहिला, म्हणजे पुरावा मागायला कुणाला आत यावं लागू नये. बुधवारी लॉरेटा विटकरी लाल केस घेऊन कामावर आली. 'हा माझा मूळचाच रंग आहे,' असं ती पेट्रोल भरायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. विचारलं कुणीच नव्हतं.

उरली वर्ना. वर्नाची पांढरी शुभ्र वेणी कमरेपर्यंत येते. कामाच्या वेळी ती तिचा अंबाडा घालून वर रुमाल बांधते, पण रुमालाखाली काय आहे ते गावाला पाठ आहे.

आणि गुरुवारी चार वाजता चर्चच्या तळघरात समितीची बैठक होती. सुगी झाली की आमच्याकडे गावजेवण होतं, चारशे माणसांचं. त्याचे रोल बावीस वर्षं वर्ना करते. त्याआधी तिची आई करायची. ती ऑर्डर म्हणजे गावाने दिलेलं प्रशस्तिपत्रक. ती ज्याच्या हातून जाते, त्याच्याकडे पुढच्या ऑक्टोबरपर्यंत लोक फक्त कॉफी पितात, आणि तीही कपात नीट बघून.

बुधवारी समितीच्या अध्यक्षा ग्लेनिस मॅकवॅटर यांचा फोन आला.

"लाइल, कोणाचं नाव आहे ते मी विचारतच नाहीये. कोणाचं नाही, तेवढं सांग."

"ग्लेनिसबाई, दोन 'नाही' सांगितले की तिसरा आपोआप कळतो."

"मग एकच सांग. वर्ना नाही ना?"

"नियम चौथा," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला, आणि अर्ध्या तासात गावभर झालं की 'वर्ना नाही' असं लाइलने म्हटलं नाही.

पाऊण तासात वर्ना कचेरीत हजर.

"डोक्याकडे बघू नकोस. तोंडाकडे बघ."

"मी कुठे बघतोय?"

"सगळं गाव बघतंय. आज पाद्रीसाहेबांनी कॉफी घेतली, तोंड पुसलं आणि वर बघितलं. देवाकडे नव्हे! कोणाकडचा केस होता, सांग."

"मी ते सांगू शकत नाही, वर्ना."

हे खरं होतं. मलाही माहीत नव्हतं. पण तसं कबूल केलं असतं तर गटाचा चालक म्हणून माझं काय राहिलं असतं?

"मग मर्टलला विचार."

"नियम सहावा. चालकाने खासगीत चौकशी करू नये."

"हा कुठल्या गाढवाने केला?"

"मीच."

"मग खोड की!"

"एक खोडला की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक बदलतात गं. लोकांना मी नवव्याखाली काढलंय. उद्या ते आठव्याखाली काढल्यासारखं दिसेल."

वर्ना खुर्चीत बसली. तिचा आवाज एकदम उतरला. "लाइल, हे जेवण गेलं ना, तर मी कॅफे विकून टाकणार. विनिपेगला बहिणीकडे जाईन आणि तिच्या टीव्हीसमोर बसेन. चेष्टा नाही करत."

एकोणीस वर्षं मी रोज सकाळी तिच्याकडे कॉफी पितो. गावात दुसरी कॉफी पंपावर मिळते. ती पिण्यासाठी माणूस प्रवासाला निघालेला असावा लागतो. मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. गटात जाहीर केलं: 'गुरुवारी चार ते सव्वाचार, फक्त चर्चच्या तळघरापुरता, नियम चौथा स्थगित.'

गुरुवारी तळघरात खुर्च्या कमी पडल्या. ग्लेनिसबाई विणकाम घेऊन मधे बसल्या होत्या. ओरेस्ट नेमका दिव्याखाली उभा होता. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "मर्टल, बोल. पंधरा मिनिटं आहेत."

मर्टल उठली. लोकरीची टोपी कानापर्यंत ओढलेली, पर्स पोटाशी धरलेली.

"वर्नाकडचे घेतले होते," ती म्हणाली.

वर्नाने डोळे मिटले.

"आणि ओरेस्टकडचे. आणि लॉरेटाकडचे. आठ, आठ, आठ. एकाकडचे घेतले की दुसऱ्याला वाईट वाटतं ना? नेहमी तिघांकडचे घेते मी."

"अगं, मग केस कोणाच्या रोलमध्ये होता?" ग्लेनिसबाईंनी सुया थांबवल्या.

"ते कसं कळणार? घरी आल्यावर सगळे एकाच भांड्यात घालून गरम केले."

तळघरात कुणाचीतरी खुर्ची करकरली. ओरेस्ट दिव्याखालून हळूच बाजूला झाला.

"म्हणजे माझे आठ होते त्यात?" तो म्हणाला. "अगं, मी पाटी लावलीय!"

"पाटी छान आहे," मर्टल म्हणाली.

तेवढ्यात वर्ना म्हणाली, "मर्टल, केस केवढा होता?"

गटात एव्हाना दोनशे सहा प्रतिक्रिया झाल्या होत्या. हे कुणीच विचारलं नव्हतं. मर्टलने अंगठा आणि तर्जनी जरा लांब धरली. दोन इंच असतील.

वर्नाने रुमाल सोडला. अंबाडा सुटला आणि वेणी कमरेपर्यंत आली. सगळे लॉरेटाकडे वळले.

"माझे पांढरे होते तेव्हासुद्धा खांद्यापर्यंत होते!" लॉरेटा ओरडली, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने लाल केसांवर हात ठेवला.

"तळघरात उकडतंय, नाही?" मर्टल म्हणाली आणि तिने टोपी काढली.

सगळ्यांनी चार बोटं वर बघितलं. मग ग्लेनिसबाईंनी सुया पुन्हा चालू केल्या. "रोल वर्नाच करेल, नेहमीप्रमाणे," त्या म्हणाल्या. "लाइल, लिहून घे. बटाट्यांचं काय ठरलं?"

मी लिहून घेतलं. चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. सव्वाचारला चौथा नियम पुन्हा लागू झाला.

मर्टलचे केस पांढरे आहेत. ती ते आखूड कापते.